काळीतलं घर

वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी जोडीनं यायचे. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीत. ही नुसती बोलण्याची रीत नव्हती, घर कुठं बांधावं याचा तो नियम होता. शेकडो वर्षं एकाच उंचवट्यावर वस्ती राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उठल्या, चुलींची राख आणि गोठ्यांचा केर त्यात मिसळत गेला, त्यातून पांढरीची माती तयार झाली. ती काळीसारखी पावसात फुगत नाही आणि उन्हाळ्यात हातभर भेगाही पाडत नाही. आपल्याकडच्या गावोगावच्या पडक्या गढ्या याच मातीच्या. वरचा वाडा गेला, माणसं गेली, पण बुरूज अजून उभे आहेत.

आता पांढरीत जागा उरली नाही आणि आपण काळीत राहायला आलो. अमरावतीत कठोरा रोड घ्या, अकोल्यात कौलखेड, खडकी, मलकापूर, डाबकी रोड घ्या. आज जिथं दुमजली घरं आणि फाटकावर पितळी पाट्या आहेत, तिथं आमच्या लहानपणी कपाशी आणि ज्वारी होती. २०१६ साली अकोला महापालिकेची हद्दवाढ झाली आणि आणखी बरीच काळी शहरात आली. माती मात्र तीच राहिली. सातबारा बदलला म्हणून ती फुगायची थांबत नाही.

तीस-बत्तीस वर्षं मी बँकेत काढली. त्यातली निम्म्याहून अधिक या दोन जिल्ह्यांतल्या शाखांत, कर्जविभागात. कादंबऱ्या रात्री लिहिल्या, दिवसा गृहकर्जाच्या फायली वाचल्या. खरं सांगायचं तर पुष्कळदा फायलीच अधिक रंगतदार असत. निवृत्तीनंतरही ओळखीतले लोक घर बांधायला काढलं की येतात आणि चहा होताहोता एकच प्रश्न विचारतात, ‘बांधतोच आहे, तर किंमत वाढेल असं काय करू?’ त्यांच्या डोळ्यांसमोर दर्शनी भागाचं डिझाइन असतं, जिन्याला ग्रॅनाइट, हॉलला पीओपीचं छत, मॉड्युलर किचन असतं. मी पायाबद्दल, पाण्याबद्दल आणि कागदांबद्दल बोलू लागलो की त्यांचा चेहरा उतरतो. मुलीचं स्थळ विचारायला यावं आणि समोरच्यानं रक्तगट सांगावा, तसं काहीसं होतं.

काही जणांना किंमत हा शब्दच खटकतो. ‘आम्हाला कुठं विकायचंय?’ असं ते म्हणतात. पण घराची किंमत विकण्याच्याच दिवशी लागते असं नाही. मुलाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायची वेळ येते तेव्हा ती लागते. दवाखान्याचं बिल समोर येतं तेव्हा, भावाभावांत वाटणी होते तेव्हा, आणि पुण्याला स्थिरावलेली मुलं ‘आता तिकडं एकटे राहू नका’ म्हणतात तेव्हा लागते. मास्तरकी, तलाठीगिरी किंवा एसटीतली नोकरी करून भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून बांधलेलं घर हीच आपल्या मध्यमवर्गाची एकमेव मोठी मिळकत. ऐनवेळी ती निम्म्यावर आली, तर दुसरं काही हाताशी नसतं.

बँकेचा व्हॅल्युअर घराकडं कसा पाहतो ते आधी सांगतो. तो जागेची किंमत वेगळी काढतो आणि बांधकामाची वेगळी. जागेची किंमत बहुधा वाढत जाते. बांधकामाची मात्र वापर सुरू झाला की उतरू लागते. समजा, बांधकामाचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि शेवटी १० टक्के मोडीची किंमत उरेल असं मानलं, तर दर वर्षाला दीड टक्का झडतो. वीस वर्षांत ३० टक्के गेले. आणि हे झालं निकोप घराचं. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी तडे गेलेली दिसली, छताचा गिलावा पडून सळई उघडी दिसली, की तो उरलेलं आयुष्यच कमी धरतो. पीओपी आणि वॉलपेपर यांच्यासाठी त्याच्या कागदावर फारसा रकाना नसतो. नव्या मालकाला तुमच्या आवडीचा रंग आणि तुमच्या बायकोनं निवडलेलं कपाट हवंच असेल असं नाही. थोडक्यात, डोळ्याला दिसणारं लवकर जुनं होतं आणि जमिनीखालचं, भिंतीतलं, फायलीतलं टिकतं. घर नवं बांधताना किंमत वाढवायची संधी या न दिसणाऱ्या भागात असते, आणि ती एकदाच मिळते. फरशी दहा वर्षांनी बदलता येते. पाया बदलता येत नाही.

तर आधी पाया. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. हे सगळीकडं सारखं झालं असतं तर घर नुसतं वर-खाली होऊन राहिलं असतं. तसं होत नाही. न्हाणीघराच्या बाजूची माती बारमाही ओली, पश्चिमेची उन्हानं कोरडी. घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, मधली भिंत फाटते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकायला लागलं की आपण सुताराला बोलावतो. बिचारा रंधा मारून जातो. दिवाळीनंतर तेच दार सैल होतं. दुखणं खाली असतं.

उपाय काही गुप्त नाहीत. मुरूम जवळ असेल तर काळी पूर्ण खणून मुरमावर पाया घ्यावा. अमरावतीत पोहऱ्याच्या टेकड्यांच्या बाजूला तो लवकर लागतो. पश्चिमेकडं, भातकुली-दर्यापूरच्या अंगाला सरकावं तसतशी काळीची जाडी वाढत जाते. काळी खोल असेल तिथं रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं रूढ केलेली पद्धत आहे. जमिनीत गोल भोकं पाडून काँक्रीटचे खांब उतरवायचे आणि त्यांच्या तळाशी खांबाच्या अडीच पट रुंदीचा फुगीर कांदा ठेवायचा. खोल काळीत हे खांब किमान साडेतीन मीटर लांब असावेत असं मानक सांगतं, कारण ऋतूंप्रमाणे होणारी मातीची हालचाल त्याच्या वरच्या थरात चालते. खांबांवरच्या तुळया जमिनीला टेकवत नाहीत, खाली थोडी पोकळी सोडतात, म्हणजे फुगलेली माती त्यांना ढकलत नाही. मुंबई आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टींनी आणखी एक मार्ग दाखवला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर दाबलेला थर द्यायचा. आपल्या फरशीखाली निदान एवढं तरी करावं. नाहीतर भिंती जाग्यावर राहतात आणि हॉलच्या मधोमध फरशीला टेंगूळ येतं. यातलं आपल्या जागेला काय लागू आहे हे माती तपासून इंजिनिअरनं सांगावं, शेजाऱ्यानं नव्हे. शेतकरी खताच्या चार पोत्यांसाठी माती तपासून घेतो. चाळीस लाखांचं घर बांधणारा मिस्त्रीच्या सब्बलीच्या आवाजावर विश्वास ठेवतो.

एका सद्‌गृहस्थांचा ठेकेदार मला आठवतो. साइट पाहायला गेलो तेव्हा तो माझ्यादेखत त्यांना समजावत होता, ‘कायले इतका पैसा मातीत गाडता जी? वरून कोनाले दिसते काय?’ ते हसले आणि म्हणाले, ‘दिसत नाही म्हणूनच तर गाडतो, बावा.’ आणि त्यांनी वरचा मजला दोन वर्षं पुढं ढकलला. माझ्या नोकरीत मी पाहिलेला हा सर्वांत शहाणा आर्थिक निर्णय, आणि तो घेणारा माणूस पोस्टात कारकून होता.

पायाशी पाणी येऊ न देणं हा त्याचाच दुसरा भाग. घराभोवती तीन-चार फुटांची, बाहेर उतार दिलेली फरशी हवी. नव्या ले-आऊटमध्ये गटार नसतं, म्हणून शोषखड्डा करतात. पण काळी माती पाणी शोषतच नाही. खड्डा भरतो आणि पाणी पायाकडं वळतं. तो शक्य तितका लांब न्यावा, खाली मुरूम लागेपर्यंत खणावा. झाडाचंही तसंच. कडुनिंब हवाच, पण घराच्या उंचीइतका दूर. भिंतीला खेटून लावलेलं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतं.

आता पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे नऊशे गावांच्या पोटात खारं पाणी आहे. खारपाणपट्टा. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर इकडच्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. पिण्याच्या पाण्याबद्दल आपण पोटतिडकीनं बोलतो, बांधकामाच्या पाण्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. बोअर मारला, पाणी लागलं, नारळ फोडला, मालकाला आनंद झाला आणि त्याच पाण्यात स्लॅबचा माल कालवला. सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड नसावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. पट्ट्यातल्या कित्येक विहिरींचं पाणी या मापात बसत नाही. त्या मिठानं सळई आतून गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि दहा-बारा वर्षांनी छताचे पोपडे पडू लागतात. पाण्याची तपासणी थोडक्या पैशात होते. पाणी खारं निघालं तर काँक्रीट आणि त्याला पाणी मारणं, दोन्हीसाठी टँकर घ्यावा. महाग वाटतो, पण गंजलेल्या सळईपुढं स्वस्त आहे.

पट्ट्यात घर बांधणाऱ्यानं आणखी एक करावं. गच्चीचं पाणी साठवायचं मोठं टाकं बांधतानाच करावं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी येतं. गळती-वाया जाऊन पन्नास हजार धरा. ज्या गावात नळ आठवड्यानं येतो, तिथं गोड्या पाण्याचं टाकं असलेलं घर आणि नसलेलं घर यांत घेणारा काय निवडेल ते सांगायला व्हॅल्युअर नको.

बांधकाम आपण उन्हाळ्यात काढतो. शाळांना सुट्टी असते, शेतात काम नसतं, मजूर मिळतात. स्लॅब मात्र भर दुपारी पडतो, कारण मिक्सर उशिरा येतो. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. मे २०२४ मध्ये तर उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. अशा हवेत ओल्या काँक्रीटचं पाणी तासाभरात उडतं. स्लॅब पहाटे किंवा उन्हं उतरल्यावर टाकावा, दुसऱ्या दिवशी त्यावर आळी बांधून पाणी धरावं आणि ते १४ दिवस हटवू नये. या १४ दिवसांत घरमालकानं ठेकेदारावर नव्हे, स्वतःवर विसंबावं. घरातल्या आजोबांना हे काम द्यावं. आजोबा पाण्याच्या बाबतीत कधी विसरत नाहीत.

उन्हाचाच विचार नकाशातही हवा. जिना, न्हाणीघर, कोठी पश्चिमेला टाकली की झोपायच्या खोल्या वाचतात. वास्तुशास्त्रवाले नैर्ऋत्येला जड ठेवा म्हणतात, ते आपल्या हवेत योगायोगानं बरोबर बसतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त सल्ला घ्यायचा तर नकाशा काढायच्या आधी घ्यावा. कॉलम उभे राहिल्यावर जिना हलवायला लावणारा सल्ला घराला कुठल्याही ग्रहापेक्षा जास्त पीडा देतो. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या चिनी टाइल्स बसवाव्यात. आजीच्या धाब्यावर दर वर्षी पांढरी माती पडायची, तिचीच ही शहरी बहीण. गच्चीचा दक्षिणेकडचा भाग टाकी आणि जिन्याच्या टोपीपासून मोकळा सोडावा. सौर पॅनेलसाठी २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनं ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान ठेवलं, तेव्हा कित्येकांच्या लक्षात आलं की आपल्या गच्चीवर सावलीच सावली आहे.

आणि कूलरची खिडकी. वऱ्हाडातलं घर आणि कूलर यांना वेगळं करता येत नाही, तरी नव्या घराच्या नकाशात कूलरला जागा नसते! मग सुंदर खिडकीची जाळी कापून तो खुपसतात. त्यासाठी योग्य उंचीची खिडकी हवी, खाली पाण्याचा नळ, बाहेर ओटा आणि समोरच्या भिंतीत हवा निघून जायला दुसरी खिडकी. ती नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

जोत्याबद्दल एकच वाक्य. रस्ता दर डांबरीकरणात, काँक्रीटीकरणात वर येतो आणि घर जिथल्या तिथं राहतं, तेव्हा आजच्या रस्त्यापासून अडीच-तीन फूट उंची घ्यावीच. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला तेव्हा अकोल्यातल्या सखल वस्त्यांना याचा अर्थ कळला.

कागदांकडं येतो. इथं माझ्यातला बँकवाला थोडा रेंगाळणार, वाचकांनी सांभाळून घ्यावं. काळीत घर म्हणजे मुळात शेताचा तुकडा. तो मंजूर ले-आऊटमधला आहे का? त्या काळचा अकृषिक आदेश आहे का? आपला प्लॉट नकाशातला प्लॉटच आहे ना, की बगिच्यासाठी सोडलेली मोकळी जागा? शहरालगत गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते साध्या कागदावर विकले गेले. त्यांच्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांना वाट मिळाली. ज्यांनी नियमित करून घेतलं ते सुटले. बाकीच्यांच्या घरांना घेणारा मिळतो, पण तो रोखीनं घेणारा असतो, आणि रोखीवाला भाव पाडूनच मागतो. कारण कर्ज काढून घेणाऱ्याला बँक दारातूनच परत पाठवते. नझूलच्या भाडेपट्ट्यावरच्या जागेचंही तसंच, पट्ट्याची मुदत पाहावी. पुढं मंजूर नकाशा. त्याच्याबाहेर काढलेली खोली तुम्हाला खोली वाटते, बँकेला ती दिसत नाही. महापालिकेला दिसते. आणि घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. वास्तुशांतीचं जेवण झालं की लोकांना वाटतं घर पूर्ण झालं. गुरुजींची दक्षिणा देतात आणि हा कागद राहून जातो. दहा वर्षांनी तो मिळवणं हे दुसरं घर बांधण्याइतकं कष्टाचं.

सर्वांत जड फायली मात्र वेगळ्याच. प्लॉट थोरल्याच्या नावावर, बांधकाम धाकट्याच्या पैशाचं. किंवा प्लॉट वडिलांचा आणि वरचा मजला एका मुलाचा. जेवणं एका पंगतीत होतात तोवर सगळं ठीक. अकोल्यातल्या एका घरात धाकट्यानं बावीस वर्षांच्या पगारातून मजला उभारला. थोरला गेला, पुतण्यांनी वाटणी मागितली, आणि त्याच्याकडं दाखवायला सिमेंटचं एक बिलसुद्धा नव्हतं. सगळे पैसे हातोहात दिलेले. तो माणूस माझ्या टेबलासमोर बसून म्हणाला, ‘साहेब, भावाकडून पावती घेऊ काय?’ त्याला उत्तर देणं मला जमलं नाही. पण पहिली वीट लावण्याआधी नोंदणीकृत कागद करणाऱ्या भावांची घरंही मी पाहिली आहेत. तिथं दिवाळीला सगळे एकत्र येतात.

म्हणून माझं सांगणं असतं, घराची एक फाईल करा. खणलेल्या पायाचे, झाकण्याआधीच्या सळईचे फोटो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. इंजिनिअरचे नकाशे, माती-पाण्याचे अहवाल, सिमेंट-लोखंडाची बिलं, नळ-विजेच्या पाइपांचा भिंतीनिहाय कच्चा आराखडा, मंजुरी, भोगवटा. बिलं पुढं विक्रीवरच्या करातही लागतात. पाया दिसत नाही ही त्याची अडचण आहे, आणि ही फाईल तो घेणाऱ्यासमोर उघडा करून ठेवते.

अमरावतीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडं अशी फाईल होती. यजमान गेल्यावर त्या मुलीकडं पुण्याला निघाल्या. घर पंचवीस वर्षांचं, दर्शनी भाग साधा, मोझॅकची फरशी. शेजारी चकचकीत दगडी तोंडाचं, पंधरा वर्षांचं घर वर्षभर विक्रीला पडून होतं. घेणारे तरुण जोडपं, दोघं नोकरीवाले, कर्ज काढून घेणारे. बाईंनी फाईल पुढं ठेवली. यजमानांनी चिकटवलेले पायाचे काळे-पांढरे फोटो, मागं शाईनं तारीख आणि खोली लिहिलेली. मुलानं ती दोन दिवस नेली, त्याच्या बँकेच्या इंजिनिअरनं पाहिली आणि आठवड्यात भाव ठरला, बाईंनी सांगितला त्याच्या जवळपास. घासाघीस झाली ती फक्त कूलरवरून. ताट्या नव्या होत्या, म्हणून बाईंनी त्याचे वेगळे पैसे मागितले, आणि त्यांनी दिले.